मुलांची आवड, मुलींचं खूळ

डिसेंबर २०२४ मधली एक बातमी आठवत असेल. धाराशिव जिल्ह्यातल्या तीन मुली, दोघी ११ वर्षांच्या आणि एक १३ वर्षांची, घरातून निघाल्या. आपल्याला कुणीतरी गाडीत घालून पळवून नेलंय, असा फोन त्यांनीच केला. पोलिसांनी नंबरचा माग काढला, तर तो फोन पुण्याकडे निघालेल्या एसटीतल्या एका बाईचा निघाला. मग मोहोळच्या बसस्थानकात दुकान चालवणाऱ्या एका महिलेच्या मदतीने मुलींना गाडीतून उतरवून घेतलं. निघाल्या कशासाठी होत्या? तर पुण्याला जाऊन काम करायचं, पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियाला जाऊन बीटीएस नावाच्या बँडला भेटायचं! त्याच वर्षी जानेवारीत तामिळनाडूच्या करूर जिल्ह्यातल्या तीन मुली १४ हजार रुपये घेऊन अशाच निघाल्या होत्या. विशाखापट्टणमहून जहाजाने कोरिया गाठायचा त्यांचा बेत होता. त्या काटपाडी स्टेशनवर सापडल्या.

बातमी वाचून बरेच जण हसले. उरलेले म्हणाले, मोबाइल काढून घ्या म्हणजे खूळ जाईल. मुली सुखरूप घरी आल्या हे देवाचे उपकारच. पण मैत्रिणींनो, मला त्यात एक वेगळीच गोष्ट टोचली. एवढ्या मोठ्या प्रवासाची जुळवाजुळव त्या चिमुरड्या करत होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आई, मला हा बँड फार आवडतो गं, हे एक वाक्य घरात बोलण्यापेक्षा अपहरणाचं नाटक रचणं त्यांना सोपं वाटलं असेल का?

हे सात जण आहेत तरी कोण? जून २०१३ मध्ये एका लहानशा कंपनीने हा बँड आणला. बीटीएस ही त्यांच्या कोरियन नावाची आद्याक्षरं. बंदुकीच्या गोळ्या अडवणारी पोरं, असा काहीसा त्याचा अर्थ. तरुण पिढीवर जे शेरे आणि टोमणे गोळ्यांसारखे येतात ते झेलणारी पोरं, असं त्यांना म्हणायचं होतं. यातले कितीतरी जण राजधानी सोलच्या बाहेरचे, दूरच्या शहरांतले. आपापल्या प्रांताच्या बोलीवरही त्यांनी गाणं केलंय. सुरुवातीची गाणी परीक्षेच्या ताणावर, आईबापांनी ठरवून दिलेल्या आयुष्यावर. आता सांगा, दहावीच्या क्लासला सकाळी सहाला सायकल मारत जाणाऱ्या आपल्या मुलीला हे जवळचं वाटणार नाही तर काय?

आता भाषेचं बघा. गाणी कोरियनमध्ये, मग कळतात कशी? शाळांमध्ये किशोरवयीन मुलींशी बोलायला जाते, तेव्हा हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. उत्तर थोड्याफार फरकाने एकच असतं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने एक गाणं ऐकवलं. आधी सगळे चेहरे सारखेच दिसले. मग एकाचं नाव कळलं, मग दुसऱ्याचं. मग सातही जण ओळखू यायला लागले आणि एक लाडका ठरला. जगभरच्या चाहत्या रात्र रात्र बसून, एक पैसाही न घेता गाण्यांची, मुलाखतींची भाषांतरं करतात आणि सगळ्यांसाठी ठेवतात. त्यातून अर्थ कळतो. काही मुली तर कोरियन अक्षरं वहीत गिरवून शिकल्यात. इंग्रजीच्या पेपरला घाबरणारी मुलगी आपण होऊन तिसरी लिपी शिकते, हे आपण कधी कौतुकाने पाहिलंय?

हे काही आजचं नाही हो. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हेच झालं होतं. लिव्हरपूल या बंदराच्या गावात कॅव्हर्न नावाचा तळघरातला क्लब होता. तिथे बीटल्सचा बँड दुपारी वाजवायचा. ऑफिसात टायपिंग करणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या मुली जेवणाच्या सुट्टीत तिथे धावायच्या. जगाला नाव माहीत होण्याआधी या मुलींनी ते चौघे हेरले होते. त्यांच्यातलीच एक फ्रेडा केली. टायपिस्ट होती. पुढे ती बीटल्सच्या ऑफिसात सेक्रेटरी झाली आणि चाहत्यांच्या क्लबचं काम बघू लागली. तिने पत्रव्यवहारासाठी घरचाच पत्ता दिला होता. पत्रांचे ढीग घरी यायला लागले आणि वडील वैतागले! एका मुलीने उशीचा अभ्रा पाठवला, यावर रिंगोला झोपू द्या म्हणून. फ्रेडाने तो रिंगोच्या आईकडे नेऊन दिला आणि तेवढं करून घेतलं. कुणी हसेल. पण दहाएक वर्षं ती बाई मुलींच्या पत्रांना मनापासून उत्तरं देत राहिली, कारण ती स्वतः त्यांच्यातलीच होती. २०१३ मध्ये तिच्यावर माहितीपट निघाला.

अमेरिकेतही बीटल्स पोचले त्यात एका मुलीचा वाटा मोठा आहे. डिसेंबर १९६३ मध्ये वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीने टीव्हीच्या बातम्यांत त्यांना पाहिलं आणि रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं, असं संगीत आपल्याकडे का नाही? निवेदकाने इंग्लंडहून येणाऱ्या विमानातल्या हवाईसुंदरीकरवी रेकॉर्ड मागवली. १७ डिसेंबरला त्या मुलीलाच स्टुडिओत बोलावून गाण्याची घोषणा करायला लावली. फोनची रीघ लागली. जानेवारीत यायची रेकॉर्ड कंपनीने २६ डिसेंबरलाच बाजारात आणली. फेब्रुवारी १९६४ मध्ये ते चौघे अमेरिकेत टीव्हीवर गायले तेव्हा ७ कोटींहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम पाहिला.

त्याच महिन्यात लंडनच्या एका नावाजलेल्या साप्ताहिकात पॉल जॉन्सन या लेखकाने या चाहत्यांवर तोंडसुख घेतलं. ही त्या पिढीतली मंद, आळशी, वाया गेलेली पोरं, असा त्याचा सूर होता. पुढे काय झालं? २००९ मध्ये लिव्हरपूलच्या एका विद्यापीठाने बीटल्सवर एम.ए.चा अभ्यासक्रम काढला. किंचाळणाऱ्या म्हणून ज्यांना हिणवलं, त्या पोरींची निवड एम.ए.च्या अभ्यासाला पुरली! पण त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

मला खटकतं ते हेच. घरातला मुलगा क्रिकेटवेडा असला की आपण कौतुकाने सांगतो, याला १९८३ पासूनचे स्कोअर पाठ आहेत हो! मॅच असली की अख्खं घर त्याच्या वेळेने जेवतं. सचिन आउट झाला म्हणून टीव्ही बंद करून रुसून बसणाऱ्या थोर पुरुषांना आपण चहा नेऊन दिलाय. ती आवड. आणि मुलगी सात गायकांचे वाढदिवस पाठ म्हणून दाखवते, ते मात्र खूळ. बालगंधर्वांची लुगडी आणि केशरचना बघून नटणाऱ्या आपल्या पणज्यांनाही तेव्हा कुणी नावं ठेवलीच असतील. बाईमाणसाने एखादी गोष्ट मनापासून, उघडपणे आवडून घेतली की लोकांच्या पोटात का दुखतं, देव जाणे.

आणि ही आवड नुसती उसासे टाकत बसत नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने १० लाख डॉलर दिले. हे कळताच चाहत्यांनी जवळपास एका दिवसात तेवढीच रक्कम आपापसात गोळा केली. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत आपल्या देशातल्या चाहत्यांनीही मदतीसाठी लाखो रुपये जमवले. त्या बँडच्या म्होरक्याने २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं, त्याचा गाभा होता, आधी स्वतःवर प्रेम करायला शिका. आपण हे मुलींना किती वेळा सांगतो? आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं?

आता दुसरी बाजू. हा सगळा कोट्यवधींचा धंदा आहे, हे विसरून चालणार नाही. अल्बममध्ये गायकाचं छोटं फोटोकार्ड असतं आणि आत कुणाचं निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. लाडक्याचं निघेना म्हणून मुली परत परत विकत घेतात. लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात चित्रं मिळायची, तीच युक्ती, फक्त किंमत भारी. शिवाय मोबाइलवर चाहती म्हणून ओळख काढणारी व्यक्ती खरंच मुलगी आहे का, हेही कळायला मार्ग नसतो. तिकीट मिळवून देतो, भेट घडवतो म्हणणारे भामटेही असतात. म्हणून काळजी हवीच. पण ज्या घरात नाव काढलं की थट्टा होते, त्या घरात मुलगी हे धोके सांगायला येईल कशी? हसणाऱ्यापासून माणूस लपवतं आणि लपवलं की भामट्याचं फावतं.

मग करायचं काय? फार काही नाही. भाजी निवडताना एकदा म्हणून बघा, तुझं ते गाणं लाव गं. सातातला तुझा लाडका कोणता, आणि तोच का, ते विचारा. सोल इथून किती लांब, पासपोर्ट कसा काढतात, तिकिटाला किती पैसे पडतात, नकाशा काढून तिच्याबरोबर हिशोब मांडा. हिशोब मांडला की स्वप्न मोडत नाही, त्याला वर्षांची मुदत मिळते. कोरियन भाषा शिकून पुढे नोकरी मिळते हेही तिला कळू द्या. तिथल्या कायद्याप्रमाणे हे सातही जण सक्तीच्या सेवेवर गेले होते, २०२२ च्या अखेरीपासून २०२५ च्या जूनपर्यंत. जगभरच्या चाहत्यांनी तेवढा काळ वाट पाहिली. वाट बघायला आपल्या मुलींना येतं. त्यांना सोबतीला घरातलं कुणीतरी हवं असतं.

मोहोळच्या स्थानकात त्या तिघींना एका अनोळखी बाईने आधार दिला, तिचे आभार मानावेत तेवढे थोडेच. पण आपल्या मुलीला आधारासाठी एसटी स्टँडपर्यंत जावं लागू नये, एवढी जबाबदारी आपली. आज संध्याकाळी विचाराल ना मग, त्या सात जणांची नावं?