अडकलेले शटर आणि मालकीचा प्रश्न

माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहिलेला एखादा घडीचा कॅमेरा हाती येतो. कळ दाबली तरी शटर उघडत नाही. बाजारात नेला, तर दुकानदार तो हातातही न घेता सांगतो, “याचे आता काही होणार नाही, नवा घ्या.” या एका वाक्यात आजच्या अर्थव्यवस्थेचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. वस्तू बिघडली म्हणजे मेली, असे येथे गृहीत धरलेले असते. आणि ती मेली की नाही हे ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे नसून विकणाऱ्याकडे असतो. हा निवाडा किती पोकळ आहे हे पाहावयाचे असेल, तर तो कॅमेरा घरच्या टेबलावर उघडला पाहिजे.

जर्मनीत म्युनिक येथे १९५०च्या दशकात तयार झालेला ‘आग्फा आयसोलेट’ हे त्याचे उत्तम उदाहरण. दुमडून कोटाच्या खिशात मावणारा, १२० क्रमांकाच्या फिल्मवर बारा चौकोनी छायाचित्रे घेणारा हा भात्याचा कॅमेरा. याच्या अनेक नगांवर ‘प्रॉन्टर’ जातीचे शटर असे. पोलादाच्या अतिशय पातळ पाकळ्या स्प्रिंगच्या जोरावर उघडतात व मिटतात. जलद वेगावर हे सारे सेकंदाच्या तीनशेव्या हिश्श्यात आटोपते. संथ वेगांसाठी घड्याळात असते तशी दंतचक्रांची मालिका आत बसविलेली असते. असे शटर अडकते तेव्हा बहुधा काहीही मोडलेले नसते. भिंगाच्या आट्यांना लावलेल्या ग्रीसमधून तेल सुटून पाकळ्यांवर पसरते. दंतचक्रांतील तेल वाळून डिंकासारखे होते. पाकळ्या इतक्या हलक्या असतात, की तेलाचा नुसता पापुद्राही त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवण्यास पुरतो. बाजार ज्याला मृत्यू म्हणतो तो प्रत्यक्षात सत्तर वर्षांचा मळ असतो.

तो मळ काढण्यास काय लागते? घड्याळजीचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, कापूस आणि सिगारेटच्या लायटरमध्ये भरतात तो नॅप्था. आधी मात्र बिघाड खरोखर आहे का, हे पाहावे. फिल्म पुढे सरकविली नसेल तर कळ मुद्दाम अडविणारे कुलूप काही नगांत असते. तो दोष नव्हे. शटरचा खटका ताणून, शटरवरचीच कडी बोटाने दाबून पाहिली की निदान होते. मग अंतर जुळविणाऱ्या कड्याचे तीन इवलेसे स्क्रू सैल करावयाचे, भिंगाची मूळ जागा खुणेने टिपावयाची आणि पुढचे भिंग आट्यांवरून फिरवून काढावयाचे. आग्फाचे हिरवे ग्रीस एव्हाना लाखेसारखे घट्ट झालेले असते. तेथे बळ कामाचे नाही. थोडी ऊब, थोडा द्राव आणि पुष्कळसा धीर लागतो. नंतर शटरची वरची चकती काढून नॅप्थाने भिजविलेल्या कापसाने पाकळ्या पुसावयाच्या, शटर पुनःपुन्हा चालवावयाचे, वाळू द्यावयाचे आणि पाकळ्या कोरड्या राहीपर्यंत हेच करावयाचे. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको, कारण नॅप्था चटकन पेटतो. ‘दोन थेंब तेल सोडले की सुटेल’ ही सहज सुचणारी युक्ती येथे घातक ठरते. पाकळ्यांना तेल म्हणजेच रोग. शेवटी फिल्मच्या जागी ट्रेसिंग कागद ताणून, शटर उघडे ठेवून, दूरचा मनोरा त्यावर रेखीव उमटेपर्यंत भिंग फिरवावे आणि कडे घट्ट करावे. काही थेंब नॅप्था आणि एक रविवार, एवढ्या खर्चात निकालात काढलेली वस्तू पुन्हा कामाला लागते.

हे शक्य झाले ते जुने कारखानदार सज्जन होते म्हणून नव्हे. प्रॉन्टर बनविणारी गॉथिअर ही कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी म्हणून मिरविणारी, काँपूर शटर बनविणारी डेकेल ही कंपनी, या दोहोंत झाइसचेच भांडवल गुंतलेले होते. त्याही आधी, १८८८ साली ईस्टमनने पहिला ‘कोडॅक’ २५ डॉलरला बाजारात आणला. शंभर छायाचित्रांची फिल्म कारखान्यातच भरलेली असे. ती संपली की ग्राहकाने आणखी १० डॉलरसह कॅमेरा रॉचेस्टरला परत पाठवावयाचा. ग्राहकाने कळ तेवढी दाबावी, बाकी सारे कंपनीवर सोपवावे, हा मंत्र तेव्हाचा आहे. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापिला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरविले. त्याहून अधिक टिकाऊ दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड होत असे. मक्तेदारीची भूक जुनीच आहे. बदलले आहे ते तिचे साधन. तेव्हा वस्तू अल्पायुषी करण्यासाठी करार करावे लागत. आज करार वस्तूच्या पोटातच घातलेला असतो. स्क्रूच्या जागी गोंद येतो, स्क्रू असलाच तर त्याला बाजारात न मिळणारे डोके असते, आणि अस्सल सुटा भाग बसविला तरी यंत्रातील आज्ञावली तो ओळखण्यास नकार देते. आयसोलेटच्या शटरला मळाने अडविले होते. आजच्या यंत्राला त्याचा निर्माताच अडवितो.

यावर ठरावीक आक्षेप येतात. आधुनिक यंत्रे नाजूक असतात, ती अडाण्यांच्या हाती देणे धोक्याचे आहे, असे सांगितले जाते. धोका असेल तर माहिती प्रसिद्ध करावी; ती दडविल्याने धोका कमी कसा होतो? नॅप्था पेटतो हे ज्याला सांगितले आहे, तोच खिडकी उघडतो. दुसरा आक्षेप अधिक गोंडस आहे: घरोघरी दुरुस्ती होऊ लागली तर कारागिराने खावे काय? वस्तुस्थिती उलट आहे. ज्याने स्वतः शटर उघडून पाहिले आहे त्यालाच आपला हात कोठे थांबतो हे कळते, आणि स्प्रिंग तुटलेली निघाली तर तो आदराने कारागिराकडे जातो. घड्याळजी, रेडिओवाले, कॅमेऱ्याचे मिस्त्री यांच्या पोटावर पाय आणला तो घरगुती दुरुस्तीने नव्हे, तर सुटे भाग व माहितीपत्रके रोखून धरणाऱ्यांनी.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा वेष घेऊन येतो. नवी खरेदी थांबली तर उत्पादन घटेल, वाढीचा दर खाली येईल! येथे हिशेबाचीच गफलत आहे. पिगूने १९२० साली दाखवून दिले होते, की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणारीशी लग्न केले तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटलेले दिसते. कॅमेऱ्याचेही तेच. नवा विकला गेला की उत्पन्न वाढले. जुना घरी दुरुस्त झाला की खात्यात शून्य. जो हिशेब कचऱ्याला समृद्धी म्हणतो आणि कौशल्याला शून्य, तो दुरुस्त करावयाचा की शटर कचऱ्यात टाकावयाचे?

या देशाला हा विचार नवा नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते भारतातच बनलेले असावे, आणि वेळच्या वेळी देखभाल केल्यास निदान वीस वर्षे चालावे, अशा त्याच्या अटी होत्या. यंत्राचे आयुष्य आणि त्याची देखभाल यांचा विचार तेथे यंत्र जन्माला येण्यापूर्वीच झाला होता. त्यानंतर बडोद्यात आग्फाचा ‘क्लिक थ्री’ तयार होत असे. त्याचे शटर इतके साधे, की ते समजावयास अभियंत्याची गरज पडत नसे. म्हणजे सामान्याच्या आवाक्यातील यंत्र ही कविकल्पना नव्हती.

आज फिल्मचा कॅमेरा वापरणारे थोडे. सरकारी ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ची ‘इंदू’ फिल्म बाजारातून गेली, आयात फिल्म महाग. मग एवढी चर्चा कशासाठी? यासाठी, की शटरचा प्रश्न हाच शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा, विद्यार्थ्याच्या मोबाइलचा आणि वृद्धाच्या श्रवणयंत्राचा प्रश्न आहे. छंदाच्या वस्तूत जी अडवणूक केवळ चीड आणते, ती पेरणीच्या दिवसांत संसार बुडविते.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू झाले. कंपन्या त्यावर आपल्या मर्जीने माहिती देणार! मर्जीवर चालतो त्याला हक्क म्हणत नाहीत. फ्रान्सने २०२१ पासून ठरावीक वस्तूंवर दुरुस्ती किती सुलभ आहे याचा गुणांक छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयक निर्देश संमत केला. येथील मागणीही तितकीच नेमकी असली पाहिजे. सुटे भाग रास्त दरात, ठरावीक वर्षांपर्यंत आणि कोणत्याही कारागिराला मिळाले पाहिजेत. दुरुस्तीची माहितीपत्रके खुली झाली पाहिजेत. सुट्या भागांवर आज्ञावलीची कुलुपे घालणे हा दंडनीय अपराध ठरला पाहिजे.

पावती हाती आली म्हणजे मालकी आली, हा भ्रम आहे. जी वस्तू उघडता येत नाही तिचा ग्राहक हा मालक नसून कूळ असतो. फरक एवढाच, की कुळाला निदान कायद्याचे संरक्षण मिळाले. टेबलावरच्या त्या कॅमेऱ्याचे शटर एका रविवारी सुटते. हे दुसरे शटर सोडविण्यास संघटित ग्राहक आणि संघटित कारागीर यांचा हात एकत्र लागेल. तेथेही तेल सोडून भागणार नाही. मळच काढावा लागेल.