लसींच्या यादीतले दोन जुहू

जुहूत लसीकरणाच्या दोन याद्या आहेत. एक महापालिकेची, दुसरी खासगी दवाखान्याची. नेहरूनगरच्या झोपडपट्टीतून दुसऱ्या यादीपर्यंत चालत जाता येतं, फक्त दारात पैसे मोजावे लागतात.

महापालिकेची यादी टाकाऊ नाही, हे आधी स्पष्ट करूया. जन्मताच बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या फेऱ्यांत पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, दीड वर्षाला त्याचा दुसरा डोस. पुढे पाचव्या, दहाव्या, सोळाव्या वर्षी बूस्टर. कूपर रुग्णालयात हे सगळं मोफत, म्हणजे आपल्याच करातून. यातला एकही डोस सोडू नका.

पण यादीत काय नाही तेही वाचा. गालगुंडाची लस नाही. खासगीत ती गोवर-रुबेलासोबत एकाच सुईत मिळते. टायफॉइड नाही, कावीळ अ नाही. हे दोन्ही आजार घाण पाण्यातून येतात. ज्यांच्या नळाला खेटून गटार वाहतं त्यांना ही लस नाही, आणि ज्यांच्या घरी फिल्टर आहे त्यांना ती विकत मिळते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते जातीव्यवस्थेला. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की तोच शब्द आठवतो. आणि पैसा नाही म्हणू नका. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडची लस मुलांना मोफत दिली होती.

सोळाव्या वर्षानंतर तर तक्ताच संपतो. गरोदर बाईला टीडीची सुई, बस्स. गटारात उतरणारा कंत्राटी कामगार, कचरा वेचणारी बाई, मधुमेह असलेली आजी यांच्यासाठी रकाना नाही. कावीळ ब, फ्लू, न्यूमोनियाच्या लसी प्रौढांसाठी आहेत, पण ज्याचा खिसा भरलेला त्यालाच.

2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली तेव्हा ‘या लोकांना अक्कल नाही’ हेच ऐकू आलं. काही घरांत भीती होती, नकारही होता. पण करोनाकाळात नेहमीचं लसीकरण कोलमडलं होतं, खोल्या दाटीच्या होत्या, मुलं कुपोषित होती, त्याचं काय? धुणीभांडी करणारी आई लसीसाठी एक खाडा करते, दुसऱ्या दिवशी पोराला ताप म्हणून आणखी एक. मॅडम दोन्ही दिवसांचा पगार कापतात.

आपल्याही काही ग्रुपवर लस म्हणजे आपली संख्या कमी करण्याचा डाव, असे मेसेज फिरतात. डाव शोधायचाच असेल तर न दिलेल्या लसींत शोधा. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई पुण्यात गेल्या. लस निघणं आणि ती आपल्यापर्यंत पोचणं यांतलं अंतर तेव्हापासूनचं आहे.

1928 मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी लोककल्याणाचा भार प्रामुख्याने सरकारचा, असं मांडलं होतं. तेव्हा के पश्चिम विभाग कार्यालयात निवेदन द्या: सफाई कामगारांना, कंत्राटींसकट, कावीळ ब आणि टायफॉइडची लस, वस्तीतल्या मुलांना टायफॉइडची, आणि लसीकरण संध्याकाळी व रविवारी. सोबत घरोघर फिरून कोणत्या मुलाचा कोणता डोस राहिला याची यादी जोडा. तोंडी तक्रार ते ऐकून सोडून देतात, यादीवर आवक क्रमांक टाकावा लागतो.