साठ पानांची प्रकारमीमांसा

मराठी समीक्षेत ‘आर्केटाइप’ या संज्ञेला ‘आदिबंध’ हा प्रतिशब्द स्थिरावून बराच काळ लोटला. युंगचे मानसशास्त्र आणि नॉर्थ्रॉप फ्राय यांचा १९५७ चा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ हा ग्रंथ या दोन वाटांनी ती संज्ञा आपल्या अभ्यासक्रमांत आली. येताना तिने मिथक, सामूहिक अबोध, ऋतुचक्र असा भारदस्त परिवारही सोबत आणला. हीच संज्ञा गेली तीसेक वर्षे एका अगदी निराळ्या जगात रोजच्या व्यवहारातला शब्द म्हणून वापरली जात आहे. ते जग म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ. त्याचे खेळाडू आपापल्या पानसंचांचे प्रकार पाडतात, त्या प्रकारांना ‘आर्केटाइप’ म्हणतात आणि त्यांविषयी लांबलचक लेख लिहितात. पत्त्यांचा खेळ आणि साहित्यशास्त्र यांची सांगड कोणास ओढूनताणून घातलेली वाटेल. तरीही आमचे म्हणणे असे आहे की, या खेळाडूंनी केलेला प्रकारविचार आपल्या वर्गांत चालणाऱ्या प्रकारविचाराहून काही बाबतींत अधिक सजग आहे आणि त्याची दखल साहित्याच्या अध्यापकांनी घ्यावी.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. आपल्या परिचयाच्या पत्त्यांत बावन्न पानांचा जोड सर्वांसाठी एकच असतो आणि कौशल्य लागते ते वाट्याला आलेला हात खेळण्याचे. येथे मात्र प्रत्येक खेळाडू आपला संच स्वतः बांधून येतो. आजवर निघालेल्या वीस हजारांहून अधिक निरनिराळ्या पानांतून तो निवड करतो. नेहमीच्या स्पर्धांत संच किमान ६० पानांचा लागतो आणि मूलभूत भूमीची पाने वगळता एकाच नावाची ४ हून अधिक पाने त्यात चालत नाहीत. प्रत्येकाचे आयुष्य २० गुणांचे असते आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणणे हा जिंकण्याचा नेहमीचा मार्ग. आपल्या पाळीत एक पान उचलायचे, एक भूमी मांडायची, भूमीतून मिळणारी ‘माना’ नावाची शक्ती खर्च करून मंत्र टाकायचे किंवा जीव रणात उतरवायचे, असा हा क्रम. न उचललेल्या पानांच्या गठ्ठ्याला या खेळात ‘ग्रंथालय’ म्हणतात आणि वापरून झालेली पाने ‘दफनभूमी’त जातात. साहित्याच्या प्राध्यापकांना यावर भाष्य करण्याचा मोह होईल. तो आवरून पुढे जाऊ.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की, खेळ सुरू होण्याआधी रचना झालेली असते. हजारोंतून साठ निवडणे ही संहिता आणि प्रत्यक्ष डाव हा तिचा प्रयोग. संहितांचे प्रकार पाडण्याची गरज या रचनेच्या अंगातूनच निर्माण झाली. रूढ प्रकार मुख्यतः तीन आहेत. त्यांना आपण आक्रमक, नियंत्रक आणि संयोगी अशी नावे देऊ.

आक्रमक प्रकाराचे ख्यातनाम उदाहरण १९९६ मधले आहे. पॉल स्लाय या खेळाडूने अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत जे श्नायडर यांनी योजलेला लाल रंगाचा संच खेळवला. या संचातील बरीचशी पाने जाणकारांनी टाकाऊ ठरवलेली होती. उदाहरणार्थ ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ हे पान घ्या. दोन मानांत मिळणारा, दोन बळाचा हा जीव इतका भित्रा की, समोरून दोन किंवा अधिक बळाचा शत्रू चालून आला तर त्याला तो अडवू शकत नाही. सुटे वाचले तर हे सदोष पान आहे. परंतु श्नायडर यांच्या रचनेचे तत्त्वच असे होते की पहिल्या पाळीपासून हाती असलेली प्रत्येक माना खर्ची पडावी, प्रत्येक पाळीला परवडेल असा जीव उतरावा आणि सतत चढाई करावी. जो संच बचाव करण्याच्या फंदातच पडत नाही, त्यात बचाव न करू शकणारा सैनिक सदोष कसा ठरेल? त्याचे वैगुण्य त्या संहितेत वाचले जाण्याची वेळच येत नाही. घटकाचे मूल्य समग्र कृतीतील त्याच्या स्थानावरून ठरते, हे तत्त्व आपण संरचनावादाच्या तासाला शिकवतो. ते इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

नियंत्रक प्रकाराचा आद्य नमुना ब्रायन वाइसमन यांचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी बांधलेला संच ‘द डेक’ या नावानेच ओळखला जातो. जणू बाकीचे संच संच नव्हेतच. त्यात चढाई करणारे जीव जवळपास नव्हते. प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक मंत्र निष्फळ करायचा, त्याचे जीव नष्ट करायचे, आपल्या हाती त्याच्यापेक्षा अधिक पाने राहतील याची तजवीज करायची आणि सारे शांत झाल्यावर ‘सेरा एंजल’ या उडत्या देवदूताकरवी सावकाश शेवट करायचा. जीवच नसल्यामुळे प्रतिस्पर्ध्याने जीव मारण्यासाठी ठेवलेली पाने त्याच्या हातात नुसतीच पडून राहत. आपल्या अनुपस्थितीने दुसऱ्याची पाने निरर्थक करणे हा या संचाचा खरा शोध. एका पानाच्या मोबदल्यात समोरच्याची दोन पाने खर्ची पाडणे, म्हणजेच ‘पानांची आघाडी’, ही या खेळाच्या विचारातली मूलभूत संकल्पना रुजवण्यात वाइसमन यांचा वाटा मोठा आहे.

तिसरा संयोगी प्रकार. १९९७ च्या पॅरिस येथील ‘प्रो टूर’ स्पर्धेत माइक लाँग विजयी झाले ते अशा संचाने. ‘कॅडॅव्हरस ब्लूम’ हे पान हातातल्या पानांचे मानांत रूपांतर करते, ‘प्रॉस्पेरिटी’ हे पान मानांचे पुन्हा पानांत. हे चक्र फिरवत पुरेशी शक्ती साठली की एकाच मंत्राने प्रतिस्पर्ध्याचे सारे आयुष्य शोषून घ्यायचे. अशा डावात दुसरा खेळाडू प्रेक्षक होतो. पुढे ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘अर्झाज सागा’ हा पानसमूह आल्यावर संयोगी संचांचा इतका सुळसुळाट झाला की, खेळाडूंनी त्या काळाला ‘कॉम्बो विंटर’ असे नाव दिले आणि काही पानांवर बंदी घालावी लागली. संवादाचे स्वगत होऊ लागले की रसिक कंटाळतात, हा अनुभव केवळ रंगभूमीपुरता नाही.

या तीन प्रकारांची नावे कृतींच्या मागून आली, हे महत्त्वाचे. स्लाय हे एका माणसाचे आडनाव; त्याचे पुढे सामान्यनाम झाले आणि तशा सर्व लाल संचांना ‘स्लाय’ म्हणू लागले. अ‍ॅरिस्टॉटलनेही शोकात्मिका आधी पाहिल्या आणि नंतर तिची लक्षणे मांडली. त्याच्या वर्णनाचे नियम झाले ते कित्येक शतकांनी, इटली व फ्रान्समधल्या भाष्यकारांच्या हातून. या खेळात तेच वर्तुळ चार-दोन वर्षांत पूर्ण झाले. इंटरनेटमुळे विजयी संचांच्या याद्या सर्वत्र पोहोचल्या, खेळाडू त्या जशाच्या तशा उतरवू लागले आणि वर्णनाचा साचा झाला. याच खेळाचे एक रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंच्या वृत्तींना टिमी, जॉनी आणि स्पाइक अशी नावे दिली. भव्य अनुभव हवा असणारा तो टिमी, संचातून स्वतःला व्यक्त करू पाहणारा तो जॉनी आणि जिंकण्यासाठी खेळणारा तो स्पाइक. यादी उतरवणे स्पाइकला गैर वाटत नाही, जॉनीला मात्र ते वाङ्मयचौर्यासारखे खुपते. हा वाद आपल्याला परका नाही.

प्रकार साचे बनले की त्यांतून सुटायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या विचारवंतांनी जिथे शोधले, ते या लेखाचे खरे प्रयोजन आहे. १९९९ मध्ये माइक फ्लोरेस यांनी एक निबंध लिहिला. डावात चढाई कोणी करायची आणि बचाव कोणी, हा त्याचा विषय. त्यांचा मुद्दा वरकरणी साधा आहे. दोन संच समोरासमोर आले की त्यांतला एक आक्रमकाच्या भूमिकेत असतो आणि दुसरा नियंत्रकाच्या. दोघेही आक्रमक म्हणून ओळखले जाणारे असोत वा दोघेही नियंत्रक, या जोडीपुरती भूमिकांची वाटणी होतेच. ज्याच्यापाशी जलद इजा करण्याची क्षमता अधिक, त्याने चढाई करावी. डाव लांबला तर ज्याचा वरचष्मा होणार, त्याने थोपवून धरावे. आपल्या संचाला लोक काय म्हणतात यावर विसंबून जो ही वाटणी चुकीची करतो, तो सहसा हरतो.

या विचाराने प्रकारनामाचे स्वरूप बदलून टाकले. तोवर प्रकार हा संचाचा गुणधर्म होता. आता तो दोन संचांमधला संबंध ठरला. साठपैकी एकही पान न बदलता तोच लाल संच एका प्रतिस्पर्ध्यापुढे धावून जातो आणि स्वतःहून वेगवान अशा दुसऱ्यापुढे त्याला दारे लावून बसावे लागते. इतकेच नाही, एकाच डावाच्या ओघातही ही भूमिका पालटू शकते. आता आपली बाजू कोणती, हा प्रश्न प्रत्येक पाळीला नव्याने विचारावा लागतो. स्पर्धांतील पूरक संचाची सोय हेच सांगते: एक डाव झाला की बाजूला ठेवलेल्या १५ पानांतून काही आत घेऊन खेळाडू समोरच्याला पाहून आपली संहिता बदलतो.

आता आपल्या वर्गाकडे वळू. ‘ग्रामीण साहित्याची लक्षणे सांगून नेमलेल्या कादंबरीच्या आधारे स्पष्ट करा’, या धाटणीचा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याला नवा नाही. त्यात ग्रामीणच्या जागी दलित, महानगरीय, स्त्रीवादी घाला. उत्तराचा सांगाडा तोच राहतो. आधी लक्षणांची यादी, मग कृतीतून त्या यादीपुरते तुकडे. विद्यार्थी कृतीला प्रकाराचा पुरावा म्हणून वाचतो आणि यादीत न बसणारे जे काही असेल ते त्याच्या नजरेतून निसटते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. तो दया पवारांच्या १९७४ च्या ‘कोंडवाडा’शेजारी ठेवून वाचला तर दलित कवितेच्या अंतर्गत स्वरांतला फरक ऐकू येतो. तोच मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’समोर ठेवला तर मुंबई नावाच्या शहराकडे कोण कुठून पाहतो, हा प्रश्न पुढे येतो. दुसऱ्या वाचनात ‘गोलपिठा’ चढाई करतो आणि मर्ढेकरांच्या महानगराला स्वतःचा बचाव करावा लागतो, असे म्हणायला आम्ही धजू. शब्द तेच, पृष्ठे तीच, पण त्या कृतीने बजावलेली भूमिका वेगळी.

अर्थात हे साम्य फार ताणता येणार नाही, आणि ते कोठे तुटते हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. खेळात चुकीच्या वर्गीकरणाची शिक्षा तासाभरात मिळते. खेळाडू हरतो आणि पुन्हा विचार करतो. समीक्षकाला अशी शिक्षा नाही. चुकीचे लेबल लावून आम्ही आयुष्यभर अध्यापन करू शकतो, आणि त्याची किंमत मोजतो तो विद्यार्थी व लेखक. दुसरे असे की, खेळाडू आजचा संच उद्या मोडून दुसरा बांधतो. ‘दलित’ हे नाव मात्र लेखकांनी जगण्यातून, संघर्षातून आणि जाणीवपूर्वक स्वीकारले आहे. ‘प्रकार ही तर केवळ भूमिका’ असे म्हणत कोणी त्या नावातला इतिहासच पुसू पाहील, तर आमचा त्यास ठाम विरोध राहील. स्वतः घेतलेले नाव आणि अभ्यासक्रमाने सोयीसाठी चिकटवलेले नाव यांत भेद केला पाहिजे. पहिल्याचा आदर करावा आणि दुसऱ्याची पाळीगणिक तपासणी. अडचण अशी की पुष्कळदा ही दोन्ही नावे अक्षरशः एकच असतात. म्हणून तर अध्यापकाची गरज आहे.

आमची सूचना लहानशी आहे. प्रश्नपत्रिकेत लक्षणांचा प्रश्न ठेवायचाच असेल तर ठेवा, परंतु त्याच्या जोडीला दोन कृती समोरासमोर ठेवणारा एक प्रश्न द्या आणि विद्यार्थ्याला विचारा की, या दोघींपैकी पुढाकार कोणाचा, थोपवून धरणारी कोण आणि तुमच्या मते हे कशावरून ठरते. आणखी एक तिसरी कृती आणली तर उत्तर बदलेल काय, हेही विचारा. अशा प्रश्नाला पाठ केलेले उत्तर चालणार नाही. परीक्षकालाही उत्तरपत्रिका थोडी सावकाश तपासावी लागेल, आणि तेवढा वेळ देण्याची आपली तयारी आहे का, हे आधी आपणच ठरवले पाहिजे.