चालणे आणि बसणे

गुडघेदुखीच्या रुग्णांना ‘रोज चाला’ असे आम्ही डॉक्टर बजावतो; मध्ये कुठे बसायचे ते सांगत नाही. ही चूक माझ्या ध्यानी आली ती चीनमधील सूचौ येथे. तेथील ‘वांगशी’ म्हणजे कोळ्याची बाग, मूळ १२व्या शतकातली. १९९७ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. जागा म्हणाल तर जेमतेम दीड एकराच्या आत.

सौ.चे दोन्ही गुडघे झिजलेले. घरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे तरी कुरकुर. येथे मात्र तळ्याभोवती दोन तास हिंडली! वाट वळत वळत छपराखालून जाते आणि थोड्याथोड्या अंतरावर टेकायला मंडप किंवा कठडा मिळतो. त्यामुळे गुडघा बोलायच्या आधीच बसता येते. दुखेपर्यंत चालण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र खडकांतल्या उंचसखल पायऱ्यांच्या वाटेला वयस्करांनी जाऊ नये, आणि गोट्यांच्या फरसबंदीवर पावसात जपून पाऊल टाकावे.

आमच्या गावच्या बागेत चालण्याचा पट्टा छान आहे, पण बाक एकही नाही. अर्ज दिला आहे. तोवर सौ. घडीचे स्टूल बरोबर नेते.