गुडघा बदलला, म्हणून सायकल सोडायची काय?

सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते, तेव्हा ते सायकलींचेही गाव होते. पाळीचा भोंगा झाला की गिरणीच्या दारातून सायकलींची रांग बाहेर पडत असे. गिरण्या बंद पडल्या आणि सायकलीची जागा आधी मोपेडने, मग मोटारसायकलने घेतली. मात्र सायकलवर वाढलेली ती पिढी अजून आपल्यात आहे. तिची साठी-सत्तरी उलटली आहे, गुडघे झिजले आहेत आणि त्यांतील अनेकांनी गुडघे बदलूनही घेतले आहेत. अलीकडे पहाटे सायकल घेऊन तुळजापूर, अक्कलकोटकडे निघणारे हौशी लोकही वाढले आहेत. त्यामुळे पूर्वी क्वचित कानावर येणारा एक प्रश्न आता दवाखान्यात नेहमी विचारला जातो: "डॉक्टर, गुडघा बदलून आठ महिने झाले. चालतो, जिनाही चढतो. आता पूर्वीसारखं सायकलवर तुळजापूरला जाऊ का?"

विचारणारा एकटा येत नाही. सोबत मुलगा किंवा सूनबाई असते आणि "तुम्हीच सांगा यांना, घरी बसा म्हणून", असा आग्रह धरते. माझे मत त्यांना आवडत नाही, तरी ते स्पष्ट सांगतो. घरी बसण्यासाठी कोणी गुडघा बदलत नाही. हाड, जखम व स्नायू यांची स्थिती चांगली असेल आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर सायकल जरूर चालवावी. लांबचा पल्लाही गाठता येतो. मात्र तो पायरीपायरीने गाठावा.

नवा सांधा म्हणजे काय?

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर. 'गुडघे बदलणे' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो तेव्हापासून. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. त्यानंतर मध्यमवर्गीयांनाही ही शस्त्रक्रिया थोडी आवाक्यातली वाटू लागली.

या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून टाकत नाहीत. मांडीच्या व नडगीच्या हाडांचे झिजलेले पृष्ठभाग कापून त्यांवर धातूचे आवरण बसवतात व मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. चकती झिजते ती भार आणि घर्षण यांमुळे. म्हणून कोणत्या हालचालीत गुडघ्यावर किती भार येतो, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. जर्मनीत काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच मापक बसवून हे प्रत्यक्ष मोजण्यात आले. सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार गुडघ्यावर येतो आणि जिना उतरताना तो तिपटीच्याही वर जातो. बेताच्या जोराने सायकल चालवताना मात्र तो वजनाच्या सव्वा पटीच्या आसपासच राहतो, कारण आपले बरेचसे वजन सीटने पेललेले असते. म्हणूनच धावणे व उड्या मारणे यांना नकार देणारे अस्थिरोगतज्ज्ञ सायकलला सहसा होकार देतात.

"लाखभर रुपये घातले, सांधा लवकर झिजला तर?" ही भीती गैर नाही. परंतु २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार १०० पैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. पासष्टीच्या माणसाच्या बाबतीत सांध्याआधी त्याचे हृदय, रक्तदाब आणि साखर यांची काळजी करणे अधिक शहाणपणाचे आहे. आणि या तिन्हींचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खुर्ची.

घाई नको

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद निम्म्याहून अधिक कमी झालेली असते. ती आपोआप परत येत नाही. आपल्याकडे खरी उणीव इथेच राहते. शस्त्रक्रियेवर मोठा खर्च करणारे कुटुंब व्यायामतज्ज्ञाच्या फेऱ्या मात्र दोन-तीन आठवड्यांत बंद करते. पुढे गुडघा पुरेसा वाकत नाही आणि दोष शस्त्रक्रियेला दिला जातो.

पॅडलचा पूर्ण फेरा मारण्यासाठी गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल, तर घरात जागेवर उभ्या असलेल्या व्यायामाच्या सायकलवर पॅडल नुसते पुढे-मागे झुलवावे. डॉक्टरांच्या परवानगीने चार ते सहा आठवड्यांनंतर हे सुरू करता येते. पूर्ण फेरा सहज जमू लागला की रोज दहा मिनिटे, मग पंधरा, मग वीस, असे वाढवावे. ज्या भगिनींनी जन्मात सायकल चालवली नाही, त्यांनाही हा व्यायाम उत्तम मानवतो.

रस्त्यावर सायकल काढण्यास सर्वसाधारणपणे तीन महिने थांबावे. दोन्ही गुडघे बदलले असतील किंवा मधुमेहामुळे पायांच्या संवेदना कमी झाल्या असतील, तर आणखी थांबावे. नव्या गुडघ्याला सर्वांत मोठा धोका पॅडल मारण्याचा नसून पडण्याचा आहे. कृत्रिम सांध्याजवळ हाड मोडले तर ते जोडणे अवघड असते. म्हणून दांड्याची जुनी काळी सायकल कितीही प्रिय असली तरी ती सध्या बाजूला ठेवावी. तिच्यावर टांग टाकून चढताना व उतरतानाच तोल जातो. मधला दांडा खाली असलेली 'लेडीज' सायकल घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

सीटची उंची हा अगदी कळीचा मुद्दा आहे. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. चवडा ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो, तो योग्य. सीट खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. गिअर असल्यास हलका ठेवावा. जोर लावून हळू पॅडल मारण्यापेक्षा हलके व भरभर मारलेले बरे. पॅडलला बूट अडकवून ठेवणारी साधने सुरुवातीला टाळावीत.

लांबचा पल्ला

थोडा हिशेब करू. सोलापूरहून पंढरपूर सुमारे पाऊणशे किलोमीटर. ताशी १५ किलोमीटरने गेले तर पाच तास. मिनिटाला ६५ फेरे धरले, तर त्या पाच तासांत प्रत्येक गुडघा १९,५०० वेळा वाकतो. एका फेऱ्यात न जाणवणारी सीटची चूक एवढ्या फेऱ्यांनंतर सूज होऊन पुढे येते. म्हणून अंतर हे औषधाच्या मात्रेसारखे वाढवावे.

सुरुवात सिद्धेश्वर तलावाच्या परिसरातील फेरीने करावी. मग हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन यावे. ते सहज जमले की अक्कलकोटचा बऱ्यापैकी सपाट रस्ता निवडावा, आणि तोही आधी अर्ध्यातून परत येऊन. तुळजापूर अंतराने पंढरपूरपेक्षा जवळ असले तरी शेवटी घाट आहे. त्याचा क्रम नंतरचा. घाटात उतरून सायकल हाती धरून चालावे, आई भवानी रागावत नाही. आठवड्याचे अंतर मागच्या आठवड्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये. एक साधी कसोटी ध्यानात ठेवा: फेरीनंतर आलेली सूज वा दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरले, तर मात्रा बरोबर. ओसरले नाही, तर दोन दिवस विश्रांती आणि पुढच्या वेळी अंतर निम्मे.

हल्ली पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत 'ब्रेव्हे' नावाच्या फ्रेंच पद्धतीच्या लांब फेऱ्या होतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. नवा गुडघा घेतलेल्याने असे ध्येय ठेवण्यास माझी हरकत नाही, पण निदान वर्षभर तरी त्याचा विचार करू नये. त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. वर्षानुवर्षे गुडघ्यामुळे बसून राहिलेल्या माणसाचे हृदयही तेवढीच वर्षे बसलेले असते.

आपल्याकडे ऊन हा स्वतंत्र विषय आहे. मार्च ते जून लांबच्या फेऱ्या बंद ठेवाव्यात. थंडीचे दिवस उत्तम, पण तोच उसाच्या गळिताचा हंगाम. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पहाटेच्या अंधारात दिसत नाही, तसेच आपणही ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. म्हणून उजाडल्यावरच निघावे. सायकलला मागे लाल दिवा व डोक्यावर शिरस्त्राण असावे. सोबत पाणी, मीठ-साखर आणि थोडे खाणे ठेवावे. आपली कडक भाकरी व शेंगाचटणी प्रवासात उत्तम टिकते. मधुमेहींनी खिशात साखर वा गूळ ठेवावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक गोळी घेऊन सायकलवर बसणे मात्र सर्वस्वी चूक आहे. वेदना हा गुडघ्याचा निरोप असतो, तो दाबू नये. शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात.

हे दिसल्यास थांबा

गुडघा लाल व गरम होणे, जखमेतून पाणी वा पू येणे, ताप, रात्री झोपमोड करणारे नवे दुखणे, गुडघा अचानक लचकणे यांपैकी काही झाल्यास सायकल बंद ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पोटरी सुजून दुखू लागली वा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. तासभरही वाट पाहू नये. पायाच्या भेगा, दाढेचा पू, लघवीचा जंतुसंसर्ग यांकडेही दुर्लक्ष नको, कारण तेथील जंतू रक्तावाटे नव्या सांध्यात जाऊन बसतात.

शेवटी मुलांना व सुनांना चार शब्द. वडिलांची सायकल कुलूप लावून ठेवणे ही माया खरी, पण तिने त्यांचे भले होत नाही. त्याऐवजी सीटची उंची तपासून द्या, ब्रेक नीट करून द्या, मागे दिवा लावून द्या. पहिले काही रविवार त्यांच्यासोबत दुसरी सायकल काढा. त्यांना एकटे सोडण्याची भीती आपोआप कमी होईल, आणि तुमचे स्वतःचे गुडघे बदलण्याची वेळही कदाचित थोडी लांबेल.