तारेखालचे घर

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमचे आनंद नगरातील एक स्नेही राहते घर विकण्याच्या विचारात असल्याचे कानी आले. १९५६ साली भोपाळात ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ स्थापन झाली, जिला आज आपण ‘भेल’ म्हणतो. तेथे आयुष्यभर विजेची यंत्रे घडवून वडिलांनी पैपैशाने उभारलेले हे घर. पण जवळून उच्च दाबाची वीजवाहिनी गेलेली, आणि घरात नुकतेच नातवंड आलेले. तारांतील विजेने बाळाच्या पेशी बिघडतील, असे कोणीतरी सूनबाईंच्या मनात भरवून दिले होते. सल्ला आम्हांला विचारण्यात आला. आम्ही पडलो मराठीचे; तेव्हा शाळेतील विज्ञानशिक्षकांसोबत आधी ग्रंथ चाळले आणि मगच तोंड उघडले.

शंका अगदीच निराधार नव्हे. विद्युत्क्षेत्राने शरीरातील रेणूंची घडण पालटते, हे शास्त्रसिद्ध आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती ठरावीक घड्या घेऊन आपला आकार धारण करते. तिच्या काही मण्यांवर धनभार असतो, काहींवर ऋणभार. विद्युत्क्षेत्रात हे दोन प्रकारचे मणी परस्परविरुद्ध दिशांना ओढले जातात. ओढ पुरेशी प्रबळ असेल तर घडी बदलते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच देहात आहे. मज्जापेशीच्या आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, म्हणजे विजेरीच्या सेलच्या जेमतेम विसाव्या हिश्शाचा. परंतु मधल्या पटलाची जाडी मिलिमीटरचा सुमारे दोन लाखावा भाग! हिशेब मांडला तर पटलातील क्षेत्र मीटरमागे एक कोटी व्होल्टांहून अधिक भरते. मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्टांना हवेतून ठिणगी पडते, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचे सामर्थ्य कळते. या पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात. दाराचा धनभारित भाग क्षेत्राच्या जोराने आत खेचलेला असतो. क्षेत्र ओसरताच तो बाहेर सरकतो, दार उघडते, सोडियमचे भारित कण आत शिरतात आणि संदेश पुढे धावतो. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, त्या कुळातील जीवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हॉजकिन व हक्सली यांनी या व्यवहाराचे गणित १९५२ साली मांडले. वाचक या ओळी वाचू शकतात, तेही याच दारांच्या उघडझापीमुळे.

आता तारेकडे वळू. मोठ्या वाहिनीच्या अगदी खाली, जमिनीलगत, हे क्षेत्र मीटरमागे काही हजार व्होल्ट असते. त्यातही आपले शरीर वाहक असल्याने त्वचेवरच भारांची फेरमांडणी होते आणि आत साधारणतः त्याचा लाखावा हिस्साही पोचत नाही. ज्या दारांना मीटरमागे कोटी व्होल्टांची सवय, त्यांना व्होल्टाच्या शतांशाने काय धक्का बसणार?

तरीही अर्धसत्य सांगू नये. तारेभोवती चुंबकीय क्षेत्रही असते. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा क्षीण सांख्यिकीय संबंध आढळल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००२ साली त्याची गणना ‘कदाचित कर्ककारक’ या गटात केली. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही, आणि तारेपासून दूर जाता हे क्षेत्रही झपाट्याने क्षीण होते. म्हणून तारेपासूनचे अंतर नियमाप्रमाणे आहे की नाही, हे वीज कंपनीकडून तपासून घ्यावे, एवढेच आम्ही सुचवले.

हे सारे आम्ही दिवाणखान्यात सांगत असता गच्चीवरून ओरडा ऐकू आला. धावत वर गेलो, तर घरातील थोरला नातू तारेत अडकलेला पतंग काढण्यासाठी लोखंडी सळई उचलत होता! उच्च दाबाची वीज स्पर्शाचीही वाट पाहत नाही. सळई नुसती जवळ गेली तरी ती हवेतून झेप घेते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो खरा. पण त्याच्याकडे पाहण्याच्या नादात समोरचा वाघ दिसेनासा होतो, तो असा.

घर विकले गेले नाही. गच्चीच्या दाराला मात्र त्याच दिवशी कुलूप लागले.