जॉब्सने सोडलेलं कॉलेज

स्टीव्ह जॉब्सचं २००५ चं स्टॅनफर्डमधलं भाषण आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी फॉरवर्ड होऊन आलंच असेल. कॉलेज सोडलं, कॅलिग्राफी शिकला, पुढे मॅकमध्ये सुंदर फॉन्ट आले. आपण बोध काय घेतला? कॉलेज सोडा! पण जे सोडलं, त्या कॉलेजबद्दल कोणी बोलतच नाही.

ते कॉलेज म्हणजे अमेरिकेत पोर्टलंडचं रीड. स्थापना १९०८ ची, विद्यार्थी जेमतेम दीड हजार. फिजिक्स घ्या नाहीतर इतिहास, पदवी बी.ए.चीच. ग्रेड नोंदवतात, पण घसरली नाही आणि तुम्ही विचारलं नाही तर सांगत बसत नाहीत. १९६८ पासून कॅम्पसवर छोटी अणुभट्टी आहे, ती चालवतात मुख्यतः पदवीचे विद्यार्थी. त्यात साहित्यवालेही असतात! आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा प्रबंध लिहून तोंडी परीक्षेत त्याची बाजू मांडावी लागते.

इथे मला आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट आठवला. चौघांनी पैसे काढून दुकानातून तयार आणला होता. व्हायवाच्या आदल्या रात्री कोड पहिल्यांदा उघडला. डिस्टिंक्शन मिळालं. आजही त्याबद्दल घरी बोलत नाही.

असो. तर १९७२ मध्ये जॉब्सने सहा महिन्यांत रीड सोडलं, पण पुढचं दीड वर्ष तो तिथेच वर्गांत बसत होता. फी नाही, नाव पटावर नाही, तरी डीन जॅक डडमन यांनी बसू दिलं. कॅलिग्राफी शिकवायला होते रॉबर्ट पॅलाडिनो, पूर्वाश्रमीचे ख्रिस्ती संन्यासी. आपल्याकडे आय-कार्ड विसरलं तर वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो!

म्हणजे गोष्ट कॉलेज सोडण्याची नाहीच. एका कॉलेजने 'निरुपयोगी' विषय जपला आणि दार उघडं ठेवलं, त्याची आहे.

रीडही धुतल्या तांदळासारखं नाही. फी प्रचंड. आणि पॅलाडिनो १९८४ मध्ये निवृत्त झाल्यावर कॅलिग्राफीचा कोर्स बंदच केला. मॅक बाजारात आला तो त्याच वर्षी! कशाचा उपयोग कधी होईल, हे त्यांनाही कळलं नाही.

म्हणून धाकट्या भावंडाने उद्या "याचा स्कोप काय?" असं विचारलं, तर मी तरी पटकन उत्तर देणार नाही. तुम्ही?